आईबरोबर दोन रात्री बडोदं : यादीतलं काय ठेवू, काय गाळू?

दुपारची_झोप
आई ७४ वर्षांची. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. सपाट रस्त्यावर न थांबता पाव किलोमीटर चालते. कठडा असेल तर दहा-बारा पायऱ्या चढते, नसेल तर नाही. डिसेंबरात शुक्रवारी ठाण्याहून निघून रविवारी रात्री परत. गाव तिनेच निवडलंय : राजवाडा, रविवर्म्याची चित्रं आणि 'सयाजीरावांचं बडोदं'.

माझी यादी : लक्ष्मी विलास पॅलेस, फतेहसिंग म्युझियम, कमाटी बाग आणि आतलं म्युझियम, कीर्तिमंदिर, तांबेकर वाडा, सूरसागर, मांडवी, पावागड, स्टॅच्यू ऑफ युनिटी.

प्रश्न तीन. यातलं काय गाळू? पहाटेची वंदे भारत घेऊ की दुपारची? हॉटेल स्टेशनजवळ की अलकापुरीत?

झणझणीत
यादी वाचूनच माझे गुडघे कुरकुरले.

विश्वामित्री
पावागड आणि स्टॅच्यू आत्ताच खोडा, म्हणजे पुढचं बोलता येईल.

पावागडला रोपवे आहे, हे सगळे सांगतात. रोपवे संपतो तिथून देवळापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या उरतात, हे कोणी सांगत नाही. दहा-बारा पायऱ्यांचा हिशेब असलेल्या माणसाने वर जाऊन शिखरावरचं देऊळ खालून बघायचं, याला अर्थ नाही. स्टॅच्यू बडोद्याहून ९० किलोमीटर. जाऊन-येऊन चार तास गाडीत, म्हणजे अख्खा दिवस तिकडे गेला. आणि मुख्य म्हणजे यातलं काहीच तुमच्या आईने मागितलेलं नाही.

उरलेल्या यादीला एकच नियम लावा : सकाळी एक मोठी जागा, दुपारी दोन ते साडेचार खोलीवर आडवं होणं, संध्याकाळी एक छोटी जागा. छोटी म्हणजे बसून बघता येईल अशी. कागदावर किलोमीटर मांडू नका, प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिहा : पायऱ्या किती, बसायला कुठे, कमोड कुठे.

एकतानगर_एक्सप्रेस
स्टॅच्यूबद्दल असहमत. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथल्याइतकी सोय बडोद्यातल्या एकाही जुन्या इमारतीत नाही. सरकते जिने, सरकते पट्टे, लिफ्ट, व्हीलचेअर सगळं आहे. १८२ मीटरचा पुतळा, लिफ्टने थेट छातीच्या उंचीवरच्या गॅलरीत. उलट तुम्ही ठेवलेल्या तांबेकर वाड्यात लाकडी जिना चढावा लागतो.

विश्वामित्री
@एकतानगर, सोय आहे हे मान्य. पण रांग, ऊन आणि चार तासांचा प्रवास यांना लिफ्ट नसते. तीन रात्री असत्या तर एक दिवस तिकडे घालवा म्हटलं असतं. (आणि सोमवारी बंद असतो, हे वाचणाऱ्या इतरांसाठी.)

तांबेकर वाड्याबद्दल मात्र बरोबर. तोही खोडा. भिंतींवरची चित्रं वरच्या मजल्यांवर आहेत आणि जिना जुन्या वाड्यांत असतो तसाच : अरुंद, उभा, वळणाचा. बदललेल्या गुडघ्याला चढणं जमतं, खरी परीक्षा उतरताना. आईला राहवलंच नाही तर बाहेरून दर्शनी लाकूडकाम बघून निघा.

रूळावर_या
गाडीचं मी सांगतो.

पहाटेची वंदे भारत मुंबई सेंट्रलहून सहाच्या सुमारास सुटते, बोरिवलीला थांबते. ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली गाठायची तर पावणेपाचला दाराशी गाडी हवी, म्हणजे आईने साडेतीनला उठायचं. नाश्ता नाही, गोळीची वेळ हुकली, आणि दहाच्या सुमारास बडोद्याला पोचून हॉटेलचं 'चेक-इन बारा वाजता' ऐकत लॉबीत बसायचं. ठरलेल्या सहलीचा पहिला दिवस इथेच संपतो.

दुपारची वंदे भारत चारच्या सुमारास सुटते, रात्री आठच्या आसपास बडोदं. दुपारचं जेवण घरी, रात्रीची गोळी हॉटेलात. शुक्रवारचं बघणं जातं, पण माणूस ताजा राहतो. येताना रविवारी शताब्दी नसते, वंदे भारत असते, बडोद्याहून दुपारी सव्वाचारच्या आसपास. वेळा तिकीट काढताना पुन्हा तपासा, बदलत असतात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरातले शुक्रवार-रविवार पटकन भरतात.

बारीक गोष्टी :
चेअर कारमध्ये एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन खुर्च्या. दोनवाली मिळाली तर आईला खिडकी देऊ नका, वाटेकडची द्या. बाथरूमला उठताना कोणाला ओलांडावं लागत नाही आणि ऑपरेशनचा पाय मधूनमधून लांब करता येतो. दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली वीस वेळा.
बोरिवलीचा थांबा दोन-तीन मिनिटांचा. डब्याचा नंबर दाखवणाऱ्या पाटीखाली आधीच उभे राहा, चुकीच्या डब्यात चढून आतून चालत जायची वेळ येऊ देऊ नका. आधी आई, मग तुम्ही, बॅग शेवटी.
दरवाजे आपोआप बंद होतात. सोडायला आलेल्यांनी 'जरा बॅग ठेवून येतो' म्हणून आत शिरू नये, नाहीतर थेट वापी.

झणझणीत
वापीला गेलेल्या जावयांची संघटना आहे म्हणे.

पाटीलबुवा_जळगाव
ज्येष्ठांना तिकिटात सवलत मिळते ना? ती का नाही सांगितली?

रूळावर_या
@पाटीलबुवा, मार्च २०२० पासून ती बंद आहे. राहिला आहे तो लोअर बर्थचा कोटा : पुरुष ६० आणि स्त्रिया ४५ च्या पुढे. पण तो एकट्या किंवा दोन पात्र प्रवाशांच्या तिकिटाला. तिशी-चाळिशीतला मुलगा त्याच तिकिटावर घातला की कोटा लागू होत नाही, आणि लोक म्हणतात 'आईचं वय टाकूनही वरचा बर्थ आला'. अशा वेळी साधारण कोट्यात 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा' हा पर्याय निवडायचा. पुणे, कोल्हापूर, जळगावकडून रात्रीच्या गाडीने बडोद्याला जाणाऱ्यांना हे कामाचं. धागाकर्तीला चेअर कार असल्याने गरज नाही.

उंबरठा
हॉटेलवर कोणीच बोललं नाही. पडझड होते ती राजवाड्यात नाही, रात्री दोन वाजता हॉटेलच्या बाथरूममध्ये.

फोन करून 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारू नका. लिफ्ट असते, पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत सहा पायऱ्या असतात. प्रश्न असा : 'गाडीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती?' उत्तर 'दो-चार' आलं की फोटो मागा.

मग बाथरूमचा व्हिडिओ मागा, वीस सेकंदांचा, दार उघडण्यापासून. त्यात बघायचं :
– दाराशी उंबरा किती. तीन-चार इंचांचा उंबरा अंधारात पाय अडकवायला पुरेसा असतो. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली उतरती असेल तर तेही बघा.
– शॉवरची जागा काचेने वेगळी आहे की सगळीच फरशी ओली होते. टब असेल तर खोली बदला. टबाची कड ओलांडणं हे बदललेल्या गुडघ्याचं सगळ्यात वाईट काम.
– कमोडजवळ धरायला काय आहे. टॉवेलचा दांडा धरायचा नाही, तो दोन स्क्रूंवर असतो, हातात येतो.
– बादली, मग आणि प्लास्टिकचं स्टूल मिळेल का. स्टूल बहुतेक ठिकाणी मागितल्यावर निघतं.

पलंगाची उंची : बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. साधारण १८ ते २० इंच. हल्ली बुटके पलंग फॅशनमध्ये आहेत, त्यावरून उठताना दोन माणसं लागतात.

सामानात प्लगला लावायचा छोटा रात्रीचा दिवा, रबरी पायपुसणं आणि घरातली रोजची चप्पल. नवी चप्पल सहलीला नको.

जागा कुठली हा प्रश्न त्यानंतरचा.

विश्वामित्री
उंबरठा यांना शंभर मोदक.

जागेचं : सयाजीगंज स्टेशनच्या पूर्वेला, अलकापुरी पश्चिमेला. सयाजीगंजातून कमाटी बाग जवळ, पण एसटी स्टँड शेजारीच असल्याने वर्दळ आणि हॉर्न. अलकापुरी शांत, पदपथ थोडे बरे. झोप हलकी असेल तर अलकापुरी, मागच्या बाजूची खोली. राजवाडा दोन्हीकडून तीन-चार किलोमीटर, त्यात फरक नाही. फक्त स्टेशनवर कुठल्या बाजूला उतरायचं ते गाडीवाल्याला आधी सांगा. चुकीच्या बाजूला उभा राहिला तर पूल ओलांडणं आलं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण रात्री आठला कशाला शोधत बसायचं.

आणि तारीख कुठली धरताय? १५-१६ डिसेंबरला गुजरातेत कमुरतां लागतात (आपला धुंधुरमास). मग १४ जानेवारीपर्यंत लग्नं नाहीत. त्याआधीचा आठवडा म्हणजे प्रत्येक हॉटेलच्या लॉनवर वरात, बारापर्यंत डीजे. एक आठवडा पुढे गेलात तर तीच खोली शांत. फार पुढे मात्र नको, नाताळाच्या सुट्टीत पॅलेसला पाय ठेवायला जागा नसते.

दुपारची_झोप
कमुरतांचं माहीतच नव्हतं! १९ ते २१ धरते.

एक अडचण : आईला व्हीलचेअर 'अजिबात नको'. 'मी काय आजारी आहे?' हे वाक्य ठरलेलं.

चालता_बोलता
मग व्हीलचेअर म्हणू नका. उघडली की तिवई होणारी काठी मिळते, वजन साधारण किलोभर. दर दहा मिनिटांनी बसता येतं. अट एकच, बसताना सीटची बाजू आणि दांड्याची बाजू घरी चार वेळा करून बघा. उलटं बसलं की कलंडते.

साध्या काठीचंही नीट कोणी सांगत नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. तुमच्या आईचा उजवा, म्हणजे काठी डाव्या हातात. उंची : हात सैल सोडून उभं राहिल्यावर मुठीचा भाग मनगटाच्या घडीशी यावा. तळाचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल तर बदला, राजवाड्यातली फरशी गुळगुळीत आहे. पायऱ्यांना : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. वर जाणारा चांगला, खाली जाणारा दुखरा, असं पाठ करा.

माईणमुळा
मी व्हीलचेअरच्या बाजूने. पाव किलोमीटर चालणं म्हणजे घरच्या रस्त्यावर, सकाळी, आपल्या गतीने. म्युझियममध्ये माणूस चालत नाही, उभा राहतो. एक तास उभं राहणं हे दोन किलोमीटर चालण्याहून जास्त दमवतं. भाड्याने फोल्डिंग घ्या, सर्जिकलच्या दुकानात मिळते. लोखंडी १५ किलोच्या पुढे भरते, ॲल्युमिनियमची हलकी. गाडीत ठेवा, वापरली नाही तर नाही. 'बॅग ठेवायला आणलीय' म्हणा, तासाभराने बॅग खाली आणि माणूस वर.

चालता_बोलता
हे फसवणुकीत मोडतं :)

माईणमुळा
हे मातृसेवेत मोडतं. पण खुर्ची गाडीत ठेवताना एक बघा : बडोद्यातल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर. डिकीत टाकी असते. उरलेल्या जागेत एक हातबॅग मावते, खुर्ची नाही. बुक करताना 'डिकी रिकामी हवी, व्हीलचेअर आहे' हे आधी बोला.

स्टेपनी
गाडीचा विषय निघालाच आहे तर.

दिवसभराला 'आठ तास, ८० किलोमीटर' असं पॅकेज घ्या. शहरातल्या शहरात ८० होतच नाहीत, पण गाडी दाराशी थांबते, हा खरा फायदा. ॲपवरची गाडी स्वस्त पडते, पण दर वेळी रस्त्यावर उभं राहून वाट बघणं आलं, आणि ड्रायव्हर पलीकडच्या बाजूला थांबतो.

मोठी गाडी म्हणजे सोयीची गाडी, हा गैरसमज आहे. इनोव्हासारख्या गाडीची पायरी उंच, वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन घेऊन चढावं लागतं. सेडानची सीट खोल, उठताना हाल. गुडघेवाल्यांना सगळ्यात बरी वॅगन-आरसारखी उभी हॅचबॅक. सीट कमरेच्या उंचीला असते, आत शिरताना वाकावं लागत नाही. आईला पुढे बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की अंग सहज फिरतं, निघाल्यावर ती काढून घ्या. नाहीतर ब्रेकला माणूस पुढे घसरतो.

झणझणीत
पिशवीसुद्धा! हा धागा नाही, ग्रंथ आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गोडाघाटकर
जेवणाचं मधुमेहाच्या अंगाने.

गुजराती थाळीत गोड ताटाच्या कोपऱ्यात नसतं, सगळ्या ताटात असतं. डाळीत गूळ, कढीत साखर, भाजीतही चिमूट. आई 'मी गोड घेतलंच नाही' म्हणेल आणि ते खरंही असेल. थाळीवाला वाढतच राहतो, नको म्हणण्यापेक्षा वाटीवर हात ठेवा. फुलके दोन, छास (बिनसाखरेची, विचारून), भाजी, कोशिंबीर. डाळ-कढीतली एकच काहीतरी. थाळी दुपारीच, कारण नंतर झोप आहे. रात्री खिचडी-कढी जवळजवळ सगळीकडे मिळते.

चहा टपरीवर उकळतानाच साखर घालून तयार असतो. 'खांड वगरनी चा' असं सांगितलं की वेगळा करून देतात, पाच मिनिटं जास्त लागतात.

शेवउसळ बडोद्याची शान, पण तर्री जहाल. तर्री वेगळ्या वाटीत मागा.

आणि हातात कायम : सुके चणे किंवा दोन खाकरे, आणि साखर उतरलीच तर ग्लुकोज पावडरची पुडी. नाश्ता साडेआठ, राजवाडा दहा, जेवण दीड हे गणित बिघडतं ते ऑडिओ गाईड ऐकत बसल्यावर.

मावळतीकर
बाबांना संध्याकाळची सवय असेल तर गुजरात हा पर्याय कसा?

झणझणीत
त्यांना 'खांड वगरनी चा'.

विश्वामित्री
बाहेरच्या राज्यातल्यांना दारूचा तात्पुरता परवाना मिळतो, सरकारी संकेतस्थळावर बघा. इथे अवांतर नको. धागाकर्तीची आई सत्शील आहे.

दुपारची_झोप
तुम्ही तिला ओळखत नाही.

पाणी_पी
सगळ्यात जास्त होणारी चूक : बाथरूमला जावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं प्रवासात पाणीच पीत नाहीत. परिणाम दुसऱ्या दिवशी, चक्कर किंवा लघवीची जळजळ. अर्ध्या लिटरची बाटली स्वतःच्या हातात द्या. दुपारच्या जेवणापर्यंत एक संपली पाहिजे, संध्याकाळपर्यंत दुसरी. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा, मनाने बंद करू नका.

गोळ्या दोन संचांत : एक आईच्या पर्समध्ये, एक तुमच्या बॅगेत. एका कागदावर औषधांची नावं, मात्रा, ॲलर्जी, ऑपरेशनचं वर्ष, डॉक्टरांचा फोन. मोबाईलमधला फोटो पुरत नाही, मोबाईल तुमच्या हातात असतो आणि तुम्ही रिक्षा शोधत असता. वय ७० च्या वर आहे, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून बरोबर ठेवा, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या रुग्णालयांत राज्याबाहेरही चालतं. रुग्णवाहिका तिकडेही १०८.

नीलपर्णी
आता मूळ मुद्द्याकडे, राजवाड्याकडे.

लक्ष्मी विलास सोमवारी बंद. तुमचा शनिवार आहे, उघडल्या उघडल्या पोचा. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसेस येतात, दोनशे पोरं एकदम. ऑडिओ गाईड घ्या. दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या कारागिरांची मोझेक फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा. तिथे शिरल्यावर वर आणि खाली एकाच वेळी बघायचा मोह होतो आणि तोल जातो. आधी थांबायचं, मग मान वर. आत फोटो काढता येत नाहीत, म्हणजे निदान 'आई, इकडे बघ' करत तिला उभं ठेवणं वाचतं.

रचनाकार मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांचाच. आईने तो बघितला असेल तर तुलना करायला मजा येईल. मँट अर्ध्यात गेले, पुढचं काम चिझम यांनी केलं, १८९० मध्ये पुरं झालं.

फतेहसिंग म्युझियम त्याच आवारात पण वेगळी इमारत, वेगळं तिकीट. रविवर्म्याचं काम तिथे आहे. सयाजीरावांनी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करवून घेतली होती. आईचा जीव चित्रांत असेल तर क्रम उलटा करा : आधी म्युझियम, मग राजवाडा. दमलेल्या डोळ्यांनी शेवटी रविवर्मा बघणं म्हणजे वाढपी थांबल्यावर पुरणपोळी. दोन इमारतींमधलं अंतर गाडीने करता येईल का, ते तिकीट खिडकीवर विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

एकतानगर_एक्सप्रेस
आधी म्युझियम केलं तर राजवाड्यात गर्दी लागणार ना? तुम्हीच म्हणालात बसेस येतात.

नीलपर्णी
लागेल. पण राजवाडा गर्दीतही मोठाच दिसतो, चित्रासमोर मात्र उभं राहायला जागा लागते. मी तरी असंच निवडेन.

मांडवीचा_राजा
मांडवी चारचाकीने जाऊन बघायची जागा नाही, गाडी लांब थांबते आणि रस्ता बाजाराचा. पण वाचणारी आई असेल तर तिथली सेंट्रल लायब्ररी विसरू नका. पुस्तकांचे लोखंडी घोडे (रॅक) आणि जाड काचेच्या फरश्या, वरच्या मजल्यावर चालणाऱ्यांची सावली खाली दिसते. मराठी पुस्तकं भरपूर. रविवार सोडून जा, आणि काचेच्या मजल्यावर आईला चढवू नका, खालूनच दाखवा.

दांडिया बाजारात अरविंद निवास आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. शांत बाग, बाकं. योगी विष्णु भास्कर लेले यांनी त्यांना साधनेची दिशा दिली तीही बडोद्यातच, १९०८ मध्ये. आणि कमाटी बागेत संकल्पभूमी. २३ सप्टेंबर १९१७ रोजी बाबासाहेब तिथल्या झाडाखाली बसले होते. कुठलीही पायरी न चढता पोचता येईल अशी बडोद्यातली सगळ्यात मोठी जागा माझ्या मते तीच.

झणझणीत
विश्वामित्री नदीतल्या मगरींना कोणी विचारलंच नाही. शहराच्या मधोमध राहतात बिचाऱ्या.

विश्वामित्री
(मी मगर नाही.) खऱ्या आहेत, पुलावरून कधीकधी दिसतात. पावसाळ्यात नदी चढली की रस्त्यावर येतात, ऑगस्ट २०२४ च्या पुरात आल्याच होत्या. म्हणूनही पावसाळ्यात आईवडिलांना घेऊन येऊ नका. डिसेंबरात त्या ऊन खात पडलेल्या असतात. तुमच्या आईसारख्याच, दुपारी दोन ते साडेचार.

दुपारची_झोप
सगळ्यांना धन्स. आईला धागा वाचून दाखवला, मगरींसकट. सुधारित बेत :

शुक्रवार १९ : दुपारची वंदे भारत, रात्री अलकापुरी, खिचडी, झोप.
शनिवार २० : दहाला म्युझियम, मग राजवाडा, दीडला थाळी, खोली. पाचला सूरसागर.
रविवार २१ : सकाळी कीर्तिमंदिर, कमाटी बाग, संकल्पभूमी. सव्वाचारची गाडी.

पावागड, स्टॅच्यू, तांबेकर वाडा, मांडवी गेले. लायब्ररी रविवारी नको म्हणताय, म्हणजे तीही गेली. आईचं म्हणणं, 'एवढंच बघायला बडोद्याला जायचं?'

मांडवीचा_राजा
लायब्ररी शनिवारी पाचला, सूरसागर सहाला. दोन्ही जवळजवळ आहेत. तळ्याकाठी बाकावर बसून मधला महादेव संध्याकाळच्या उजेडातच चांगला दिसतो, १११ फुटांचा आहे, कुठूनही दिसतो. शनिवारी लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी ते मात्र आधी फोन करून विचारा. आईचा प्रश्न मिटला.

नीलपर्णी
कीर्तिमंदिरात मधल्या दालनाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारत. समोरून चढायला पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर लगेच मान वर करायला लावू नका, पाच मिनिटं बसू द्या. कमाटी बागेतलं म्युझियम करायचं तर फक्त तळमजला, देवमाशाचा सांगाडा बघा आणि निघा.

उंबरठा
रविवारच्या बेतात भोक आहे. हॉटेलचं चेक-आऊट अकरा किंवा बाराला, गाडी सव्वाचारला. मधले चार तास आई कुठे आडवी होणार? प्लॅटफॉर्मच्या बाकावर? आत्ताच हॉटेलला तीन वाजेपर्यंत खोली ठेवायचं बोलून घ्या, अर्धं भाडं पडलं तरी द्या. आयत्या वेळी रविवारी कोणी देत नाही. आणि ते लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.

दुपारची_झोप
बोलले. ५०० जादा, तीन वाजेपर्यंत. व्हिडिओही आला. उंबरा चार इंच! दुसरी खोली मागितली, तळमजल्यावरची, उंबरा नाही.

उंबरठा
तळमजल्याला मच्छरदाणी किंवा मशीन विचारा, खिडकी पार्किंगकडे आहे का तेही.

गोडाघाटकर
येताना लोक टोपलीभर लीलो चेवडो आणतात. तो बटाट्याचा, ओलसर असतो, दोन-चार दिवसांतच संपवावा लागतो. पावकिलोच घ्या. भाकरवडी टिकते, ती वाटायला. आणि दोन्हींत साखर आहे, पिशवी आईच्या पायाशी ठेवू नका.

झणझणीत
वरच्या रॅकवर ठेवा. खाली काढायला तीन पायऱ्या लागतील अशी.